न्यायमूर्ति कार्डोझो : कुलवृत्त, पात्रता आणि लोकमताचें मोर्तब

जुन्या कागदांच्या परीक्षेंत मुरलेल्या वाचकांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. कागदाच्या शेवटीं ‘मोर्तब सुद’ हीं अक्षरें असलीं व शिक्का स्वच्छ उमटला असला, म्हणजे तो कागद योग्य कचेरींतून रीतीप्रमाणें निघाला एवढें ठरतें. त्यांतील मजकूर खरा आहे कीं नाहीं हें मोर्तबावरून ठरत नाहीं. त्यासाठीं हस्ताक्षर, मिति, नांवनिशी, समकालीन कागदांशीं मेळ, अशी निराळी परीक्षा करावी लागते. अधिकारपदावर बसलेल्या मनुष्याच्या पात्रतेचा विचारहि याच रीतीनें करावा, असें आमचें मत आहे. जेथें पद लोकांच्या मतांनीं मिळतें तेथें मतांचें आधिक्य हें मोर्तब होय. पात्रता हा मजकूर होय. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे इतिहासलेखक फसतो.

हा भेद अत्यंत स्पष्टपणें दाखविणारें उदाहरण अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या वरिष्ठ अपील न्यायालयाचे न्यायाधीश बेंजामिन नेथन कार्डोझो (१८७०–१९३८) यांचें आहे. एकाच घराण्यांतील पिता व पुत्र, एकाच शहरांत, एकाच नांवाच्या न्यायासनावर लोकांच्या मतांनीं निवडून आले. चौकशीचें बालंट येतांच पित्यास तें आसन सोडावें लागलें. पुत्राची गणना मात्र इंग्रजी कायद्याच्या परंपरेंतील श्रेष्ठ न्यायाधीशांत होते. लोकमताचा कौल दोघांसहि मिळाला होता. मग भेद कशांत होता, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

न्यायाधीशानें मतें मागावयाचीं, ही कल्पनाच आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. पेशवाईंत रामशास्त्री प्रभुणे न्यायाधीश झाले ते सरकारच्या नेमणुकीनें. इंग्रजी अमदानींतील हायकोर्टाचे न्यायाधीशहि नेमलेलेच असत. आणि १९५० सालीं अंमलांत आलेल्या भारतीय राज्यघटनेनें नेमणुकीचीच रीत ठेविली आहे. म्हणून न्यूयॉर्कची पद्धति कशी उत्पन्न झाली हें आधीं सांगणें अवश्य आहे.

१. निवडणुकीच्या पद्धतीचा उगम

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळीं, म्हणजे १७७७ सालीं, न्यूयॉर्क राज्यानें आपली पहिली घटना केली. तींत न्यायाधीशांची नेमणूक गव्हर्नर व सीनेटचे चार सभासद मिळून झालेल्या एका नेमणूक मंडळाकडे होती. १८२१ च्या घटनेनें हें मंडळ मोडून वरिष्ठ न्यायाधीश नेमण्याचा अधिकार सीनेटच्या संमतीनें गव्हर्नराकडे दिला. १८४६ च्या तिसऱ्या घटनेनें ही सर्व रीत पालटून न्यायाधीश लोकांनीं निवडावे असें ठरविलें. मिसिसिपी राज्यानें १८३२ सालींच सर्व न्यायाधीश निवडणुकीवर सोपविले होते; परंतु न्यूयॉर्कसारख्या मोठ्या राज्यानें ती वाट धरल्यावर इतर अनेक राज्यें तिच्या मागून गेलीं.

या फेरफाराचें कारण नीट लक्षांत घेतलें पाहिजे. आज पाहणारास असें वाटेल कीं न्यायाधीशास पक्षाच्या दावणीस बांधण्यासाठींच ही युक्ति निघाली असावी. वस्तुस्थिति उलट आहे. १८३७ च्या आर्थिक अरिष्टानंतर अनेक राज्यें कालवे व रस्ते यांपायीं कर्जांत बुडालीं, आणि कायदेमंडळांवरील लोकांचा विश्वास उडाला. गव्हर्नर व कायदेमंडळ यांच्या मर्जीनें पदावर आलेला न्यायाधीश त्यांस आवर घालणार नाहीं. लोकांनीं निवडलेला न्यायाधीश मात्र त्यांच्यापुढें ताठ उभा राहील, असा सुधारकांचा युक्तिवाद होता. म्हणजे न्यायासन स्वतंत्र व्हावें म्हणूनच तें मतपेटीकडे नेण्यांत आलें.

त्याच घटनेनें ‘कोर्ट ऑफ अपील्स’ हें राज्याचें सर्वांत वरचें अपील न्यायालय स्थापिलें आणि १८४७ सालीं तें सुरू झालें. पुढें १८६९ च्या दुरुस्तीनें त्याची रचना बदलून एक मुख्य न्यायाधीश व सहा सहन्यायाधीश, प्रत्येकाची मुदत १४ वर्षें, अशी व्यवस्था झाली. येथें नांवांचा एक घोटाळा वाचकांनीं टाळावा. न्यूयॉर्क राज्यांत ‘सुप्रीम कोर्ट’ या नांवाचें न्यायालय सर्वोच्च नाहीं. तें प्रथम दाव्यांची सुनावणी करणारें न्यायालय आहे. त्याच्यावर त्याचाच अपील विभाग, आणि सर्वांवर ऑल्बनी येथील कोर्ट ऑफ अपील्स, अशी ही उतरंड आहे.

२. पिता

बेंजामिनचे पिता आल्बर्ट कार्डोझो हे न्यूयॉर्क शहरांतील वकील. कार्डोझो घराणें मूळचें पोर्तुगालकडील ज्यू. पितृकुल व मातृकुल हीं दोन्हीं स्वातंत्र्ययुद्धापूर्वीच अमेरिकेंत स्थायिक झालेलीं, आणि १६५४ पासून आपली परंपरा सांगणाऱ्या शिअरिथ इस्राएल या न्यूयॉर्कच्या सर्वांत जुन्या ज्यू धर्मसंघांत मानानें वावरणारीं होतीं. कुलवृत्त लिहूं इच्छिणारास अभिमान वाटावा असेंच हें कुळ होतें.

आल्बर्ट यांस मात्र त्या काळीं शहरावर सत्ता गाजविणाऱ्या टॅमनी हॉल या पक्षसंघटनेचा आश्रय होता. तिच्या पाठिंब्यानें ते १८६७ च्या निवडणुकींत सुप्रीम कोर्टाच्या न्यायासनावर आले. तेथें त्यांच्या हुशारीविषयीं कोणी शंका घेतल्याचें दिसत नाहीं. शंका घेतली गेली ती त्यांच्या निःस्पृहतेविषयीं. २४ सप्टेंबर १८६९ रोजीं सोन्याच्या बाजारांत जो हाहाकार उडाला त्यानंतरच्या खटल्यांत सटोडियांस सोयीचे हुकूम दिले, आणि न्यायालयाच्या हातची पंच व रिसीव्हर यांचीं किफायतशीर कामें आपल्या आप्तमित्रांत वांटलीं, असे आरोप त्यांच्यावर आले. शहरांतील नामांकित वकिलांनीं १८७० सालीं स्थापिलेल्या बार असोसिएशननें हें प्रकरण धसास लावलें. १८७२ सालीं कायदेमंडळाच्या समितीनें बार्नार्ड, मॅककन व कार्डोझो या तीन न्यायाधीशांची चौकशी केली. पहिल्या दोघांस पदच्युत करण्यांत आलें. आल्बर्ट कार्डोझो यांनीं खटला उभा राहण्यापूर्वींच, १८७२ च्या मे महिन्यांत, राजीनामा दिला. त्यांची सनद गेली नाहीं. १८८५ सालीं मृत्यु येईपर्यंत ते वकिली करीत राहिले.

या प्रकरणानें लोक इतके अस्वस्थ झाले कीं १८७३ सालीं, न्यायाधीश पुनः नेमणुकीनें घ्यावे काय, असा प्रश्न मतदारांपुढें ठेवण्यांत आला. मतदारांनीं तो फेटाळला. हातीं आलेला अधिकार, त्याचा दुरुपयोग डोळ्यांदेखत होऊनहि, लोकांनीं सोडला नाहीं. पुत्र पुढें याच पद्धतीनें आसनावर आला, हें ध्यानांत ठेवावें.

३. पुत्राची तयारी

बेंजामिन यांचा जन्म २४ मे १८७० रोजीं न्यूयॉर्क येथें झाला. पित्यानें राजीनामा दिला तेव्हां ते दोन वर्षांचेहि नव्हते. नऊ वर्षांचे असतां मातृवियोग झाला. त्यांचें प्रारंभींचें शिक्षण घरींच झालें. त्यांस शिकविण्यास ठेवलेले शिक्षक होरेशिओ अल्जर हे मुलांसाठीं लिहिलेल्या कथांमुळें अमेरिकेंत घरोघर ठाऊक होते. १८८५ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं पिता वारला त्याच वर्षीं, पंधरा वर्षांचा हा मुलगा कोलंबिया कॉलेजांत दाखल झाला. १८८९ सालीं पदवी घेऊन त्यांनीं तेथल्याच कायद्याच्या शाळेंत दोन वर्षें काढलीं. त्याच सुमारास शाळेनें अभ्यासक्रम तीन वर्षांचा केला. कार्डोझो तिसऱ्या वर्षास थांबले नाहींत. कायद्याची पदवी न घेतांच १८९१ सालीं वकिलीची सनद मिळवून ते वडील बंधूबरोबर व्यवसायास लागले. अमेरिकेच्या अव्वल न्यायाधीशांत गणल्या गेलेल्या या पुरुषापाशीं कायद्याची पदवी नव्हती, ही गोष्ट पदवीवरून विद्वत्ता मापणारांनीं लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढील बावीस वर्षें त्यांनीं वकिली केली. परंतु ती कोणत्या प्रकारची होती हें पाहावें. ज्यूरीपुढें आवेशानें भाषणें करून नांव मिळविण्याची ही वकिली नव्हती. इतर वकिलांनीं आपले अवघड दावे, विशेषतः अपिलें, त्यांच्याकडे आणावीं. त्यांनीं पूर्वींचे निवाडे शोधून लेखी निवेदन सिद्ध करावें, आणि ऑल्बनीस जाऊन बाजू मांडावी, असा त्यांचा क्रम असे. ते वकिलांचे वकील होते. सामान्य जनतेस त्यांचें नांव फारसें ठाऊक नव्हतें. कोर्ट ऑफ अपील्सच्या न्यायाधीशांस मात्र तें चांगलें परिचित होतें.

या काळांतील त्यांच्या तयारीचा भक्कम पुरावा म्हणजे त्यांचा पहिला ग्रंथ. न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सचा अधिकार कोठें सुरू होतो व कोठें संपतो, कोणत्या हुकुमावर अपील चालतें व कोणत्यावर चालत नाहीं, याचें सूक्ष्म विवेचन करणारा हा ग्रंथ १९०३ सालीं निघाला. १९०९ सालीं त्याची दुसरी आवृत्ति झाली. विषय रुक्ष. वाङ्मयीन कीर्तीसाठीं हा विषय कोणी घेणार नाहीं. परंतु ज्या न्यायासनावर पुढें बसावयाचें त्याच्या चतुःसीमा आधीं अकरा वर्षें मोजून ठेवणारा उमेदवार विरळा. ग्रंथ लिहितेवेळीं ग्रंथकाराच्या मनांत तें पद नव्हतें, म्हणूनच आम्ही या साक्षीस अधिक वजन देतों. जो कागद एखादा हक्क सिद्ध करण्याच्या इराद्यानें लिहिलेला नसतो तोच पुष्कळदां हक्क उत्तम सिद्ध करतो, हा आपल्या संशोधनांतील नेहमींचा अनुभव आहे.

४. निवडणूक

१९१३ सालीं न्यूयॉर्क शहरांत टॅमनी हॉलविरुद्ध एक संयुक्त आघाडी उभी राहिली. महापौरपदासाठीं जॉन पर्रॉय मिचेल हे तिचे उमेदवार होते. सुप्रीम कोर्टाच्या जागेसाठीं आघाडीनें कार्डोझो यांचें नांव घातलें. ते पक्षानें डेमोक्रॅट. परंतु टॅमनीचे अंकित नव्हत. नांव पुढें आणण्यांत चार्ल्स बर्लिंगहॅम प्रभृति वकिलांचा पुढाकार होता. पित्यास खालीं खेंचणाऱ्या वकीलवर्गाच्याच पुढच्या पिढीनें पुत्रास वर नेलें, आणि तेंहि पित्याच्या आश्रयदात्या संघटनेच्या विरोधांत. कार्डोझो थोड्या मताधिक्यानें निवडून आले.

या विजयाविषयीं एक आख्यायिका आहे. कार्डोझो हें आडनांव इटालियन असावें अशा समजुतीनें इटालियन वस्तीतील मतदारांनीं त्यांस मतें दिलीं व त्यामुळें ते तरले, असें सांगतात. आम्ही ही आख्यायिका म्हणूनच नोंदवितों. परंतु ती खरी धरली काय आणि खोटी धरली काय, निष्कर्ष एकच निघतो. शहरांतील लाखों मतदारांपैकीं १९०३ चा तो ग्रंथ वाचून मत देणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असणार. बहुतेकांनीं यादी पाहिली, पक्ष पाहिला. पात्रतेची परीक्षा मतदानाच्या दिवशीं झाली नाहीं. ती आधीं, नांव ठरतेवेळीं, झाली होती.

पुढील घटना हेंच अधिक स्पष्ट करते. जानेवारी १९१४ मध्यें कार्डोझो सुप्रीम कोर्टावर बसले आणि अवघ्या महिन्याभरांत कोर्ट ऑफ अपील्सवर गेले. तें कसें ? १८९९ च्या एका घटनादुरुस्तीनें अशी सोय केली होती कीं, कोर्ट ऑफ अपील्समध्यें कामें तुंबलीं असल्याचें त्या कोर्टानें लिहून दिल्यास गव्हर्नरानें सुप्रीम कोर्टाचे जास्तींत जास्त चार न्यायाधीश तात्पुरते तेथें पाठवावे. वरिष्ठ न्यायाधीशांस हा वकील पूर्वींपासून ठाऊक होता; त्यांच्या शिफारशीवरून गव्हर्नर ग्लिन यांनीं फेब्रुवारी १९१४ मध्यें कार्डोझो यांस तिकडे पाठविलें. या पायरीवर मतदाराचा संबंध नव्हता. ज्यांनीं त्यांचीं निवेदनें वर्षानुवर्षें वाचलीं होतीं अशा पारख्यांनीं ही निवड केली.

तीन वर्षें ते असे तात्पुरतेच होते. १९१६ सालीं सहन्यायाधीश सॅम्युएल सीबरी यांनीं गव्हर्नरपदाची निवडणूक लढविण्यासाठीं राजीनामा दिला आणि चार्ल्स व्हिटमन यांनीं त्यांस हरविलें. विजयी गव्हर्नर रिपब्लिकन. तरी जानेवारी १९१७ मध्यें त्यांनीं सीबरींच्या रिकाम्या जागेवर डेमोक्रॅट कार्डोझो यांस नेमलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत १४ वर्षांच्या पूर्ण मुदतीसाठीं निवडणूक झाली तेव्हां दोन्ही प्रमुख पक्षांनीं त्यांचेंच नांव घातलें. एका वर्षाच्या अंतरानें दोन न्यायाधीश मतदारांपुढें जातात, एक न्यायासन सोडण्यासाठीं आणि दुसरा तें राखण्यासाठीं, हा योग विलक्षण खरा.

५. मजकुराची परीक्षा

आतां प्रश्न असा कीं, १९१७ च्या मतदारांपुढें जो उमेदवार उभा होता त्याच्या पात्रतेचा लेखी पुरावा कोणता ? सुदैवानें तो छापील व सर्वांस उपलब्ध आहे. १४ मार्च १९१६ रोजीं, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्सवर कायम होण्यापूर्वीं, कार्डोझो यांनीं ब्यूइक मोटार कंपनीविरुद्धच्या अपिलांत बहुमताचा निवाडा लिहिला. मोटारीचें लांकडी चाक सदोष होतें. तें कंपनीनें दुसऱ्या कारखान्याकडून घेतलें होतें. मोटार कंपनीनें व्यापाऱ्यास विकली व व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकास. चाक मोडून गिऱ्हाईक जखमी झालें. जुना नियम असा कीं, ज्याच्याशीं करार त्याच्यापुरतीच वस्तु करणाराची जबाबदारी. विषासारख्या स्वभावतःच घातक वस्तूंचा तेवढा अपवाद. गिऱ्हाइकाचा कंपनीशीं करार नव्हता. मग दाद कोठें मागावी ?

कार्डोझो यांनीं जुना नियम झुगारून दिला नाहीं. त्यांनीं त्याच न्यायालयाचे पूर्वींचे निवाडे एकापुढें एक मांडले : १८५२ चा, चुकीची चिठ्ठी लावलेल्या विषाचा, १८८२ चा, मोडलेल्या पहाडाचा, म्हणजे कारागिरांनीं उभें राहून काम करण्याच्या परातीचा, १९०९ चा, फुटलेल्या कॉफीच्या भांड्याचा. ही मालिका वाचली म्हणजे अपवाद हळूहळू विस्तारत आला असल्याचें दिसतें. निष्काळजीपणानें केल्यास जी वस्तु मनुष्याच्या जिवावर बेतणार हें उघड आहे, आणि जी वस्तु मूळ खरेदीदाराखेरीज इतर लोक पुनः न तपासतां वापरणार हें करणारास ठाऊक आहे, ती करतांना काळजी घेण्याचें कर्तव्य कराराविनाहि उत्पन्न होतें, असा निर्णय त्यांनीं दिला. मुख्य न्यायाधीश बार्टलेट यांनीं विरुद्ध मत नोंदविलें. तथापि काळानें बहुमताचीच बाजू उचलून धरली. १९३२ सालीं इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनें निष्काळजीपणाविषयींचा आपला प्रसिद्ध निवाडा दिला त्यांत या निवाड्याचा आधार घेण्यांत आला. आणि त्या इंग्रजी निवाड्याच्या वाटेनें हें तत्त्व भारतांतील न्यायालयांपर्यंतहि आलें.

आमच्या दृष्टीनें येथें महत्त्व पद्धतीचें आहे. सुटे कागद कालक्रमानें लावून, त्यांतील न लिहिलेलें सूत्र ओळखून, नवा निष्कर्ष जुन्याच पुराव्यांतून काढणें, हें काम बावीस वर्षांच्या अपिली वकिलीनें सिद्ध झालेल्या बुद्धीचेंच होय. पुढें १९२१ सालीं येल येथें दिलेल्या व्याख्यानांत न्यायाधीश निर्णय कसा करतो याचें प्रांजळ वर्णन त्यांनीं केलें, तें याच अनुभवाचें फळ आहे.

येथें एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कित्येक चरित्रकार म्हणतात कीं, पित्याचा कलंक धुऊन काढण्याच्या तळमळीनें पुत्र घडला. १९२८ सालीं भागीदारांनीं परस्परांशीं किती निर्मळपणें वागावें याविषयीं त्यांनीं जो कडक निवाडा दिला तो या तळमळीचाच उद्गार होय. हा तर्क हृदयस्पर्शी आहे आणि तो असंभाव्य नाहीं. परंतु निवाड्याचा आधार पक्षकारांच्या वर्तनांत व कायद्यांत आहे. न्यायाधीशाच्या घरच्या दुःखाचा उल्लेख त्यांत नाहीं. कुलवृत्तावरून पात्रता ठरवूं लागलें तर या घराण्याचें थोर पूर्वज एक साक्ष देतात आणि पिता दुसरी. परस्परविरुद्ध साक्षी देणारा पुरावा निर्णायक मानतां येत नाहीं. कुलवृत्त माणसाची पार्श्वभूमि सांगतें. त्याचा अधिकार सांगत नाहीं.

६. उपसंहार

१९२६ च्या निवडणुकींत कार्डोझो पुनः दोन्ही पक्षांच्या संमतीनें मुख्य न्यायाधीश झाले. १९३२ सालीं न्यायमूर्ति होम्स निवृत्त झाल्यावर रिपब्लिकन अध्यक्ष हूव्हर यांनीं त्यांस संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलें व सीनेटनें एकमतानें संमति दिली. तेथें ते ९ जुलै १९३८ रोजीं मृत्यु येईपर्यंत होते.

त्यांच्या वेळची रीत पुढें टिकली नाहीं. पक्षांनीं व वकीलवर्गानें आधीं योग्य मनुष्य पारखावा, आणि मतदारांनीं त्यावर शिक्का करावा, हा संकेत कोठें लिहिलेला नव्हता. १९७३ व १९७४ सालच्या चुरशीच्या निवडणुकांत तो मोडला. १९७४ सालीं विद्यमान न्यायाधीशांपैकीं दोघे पराभूत झाले. १९७७ सालीं घटनादुरुस्ति होऊन कोर्ट ऑफ अपील्सचे न्यायाधीश नामनिर्देशन मंडळाच्या यादींतून गव्हर्नरानें सीनेटच्या संमतीनें नेमावे असें ठरलें. सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश मात्र आजहि लोकच निवडतात.

यावरून निवडणूक वाईट व नेमणूक चांगली असा सरसकट निकाल देण्यास आम्ही तयार नाहीं. आल्बर्ट कार्डोझो यांस वर आणणारी मतपेटीच होती हें खरें. पण बेंजामिन कार्डोझो यांसहि तिनें अडविलें नाहीं, हेंहि तितकेंच खरें. दोघांच्या कागदांवर मोर्तब एकच आहे. भेद आहे तो मोर्तबापूर्वीं मजकूर कोणी वाचला यांत. पित्याच्या वेळीं तो पक्षाच्या पुढाऱ्यांनीं आपल्या सोयीनें वाचला. पुत्राच्या वेळीं तो जाणत्या वकिलांनीं व न्यायाधीशांनीं वाचला. मतें मोजून झाल्यावरहि मजकूर वाचण्याचें काम उरतेंच, आणि तें पुढील पिढ्यांतील अभ्यासकांकडे येतें. त्यांनीं शिक्क्याच्या ठळकपणानें दिपून न जातां १९०३ चा ग्रंथ आणि १९१६ चा निवाडा उघडावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.